आजोबांच्या वह्यांचं काय करायचं?

ताई,

माझे आजोबा गेल्या वर्षी गेले. ते जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात, पत्रांचे सॉर्टर होते. २००१ साली रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यापासून रोज सकाळी लालबागच्या आमच्या चाळीतून चालत परळला जायला लागले. टाटा कॅन्सर हॉस्पिटल आणि केईएम हॉस्पिटलच्या आवारात गावाकडून आलेली माणसं हातात फाइल घेऊन गोंधळून उभी असतात. त्यांचे फॉर्म भरून द्यायचे, खिडकी दाखवायची, कुणाला धर्मशाळेत जागा मिळवून द्यायची, कुणाला परतीच्या एसटीत बसवून द्यायचं. २०२०चं लॉकडाऊन लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, त्यांनी हे केलं. कुणाच्या एका पैशाला शिवले नाहीत. आजी त्यांच्या डब्यात रोज चार पोळ्या जास्त द्यायची, त्याही तिकडेच संपायच्या.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. काकांना मोठा कार्यक्रम करायचाय. हॉल, पाहुणे, स्मरणिका, नाक्यावर फ्लेक्स आणि जमलं तर चौकाला आजोबांचं नाव. बाबा कशातच नाहीत. त्यांची अँजिओप्लास्टी झाली त्या दिवशी आजोबा संध्याकाळी उगवले, कारण चिपळूणहून आलेल्या एका बाईंच्या ऑपरेशनला सोबत कुणी नव्हतं. परवा बाबा म्हणाले, "ते लोकांचे होते, लोकांनीच करावं त्यांचं." आजी म्हणते, "करा काय करायचं ते."

आजोबांच्या वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे आहे. पेशंटचं नाव, आजार, गाव, पिनकोडसकट पत्ता, असला तर फोन. काका म्हणतात, त्यातली पानं स्मरणिकेत छापू. आणि जो भेटतो तो मला विचारतो, आता तू पुढे चालवणार ना? मी ऐरोलीला नोकरी करते, सकाळी आठला निघते ते रात्री आठला घरी. त्यांची आठवण नीट कशी जपायची, सांगाल?

एक नात, लालबाग

*

प्रिय नातीस,

आधी वह्यांचं बोलू, कारण तिथे घाई झाली तर नंतर काहीच सावरता येणार नाही. त्यातलं नोंदीचं एकही पान छापू नका. काकांचा हेतू चांगलाच आहे, वडिलांचं अक्षर लोकांनी बघावं असं त्यांना वाटतं. पण त्या पानांवर दुसऱ्यांच्या घरातलं दुखणं लिहिलेलं आहे. कॅन्सर झाला हे आजही कित्येक घरांत लपवतात. मुलीचं लग्न ठरायचं असतं, सुनेच्या माहेरी कळू द्यायचं नसतं, कधी तर खुद्द पेशंटलाच सांगितलेलं नसतं. परक्या शहरात, रांगेत उभं असताना, त्यांनी ते एका भल्या माणसापाशी उघड केलं. नावावर पट्टी मारून छापू, असं काका म्हणतील. तेही नको. गाव, आजार आणि साल एवढं दिसलं तरी त्या गावात कुणालाही सांगता येतं की हे कोणाचं घर. अक्षरच दाखवायचं असेल तर वहीचं पहिलं पान छापा, किंवा त्यांनी एखाद्या पानावर एसटीच्या वेळा, धर्मशाळेचा पत्ता, झेरॉक्सची यादी असं काही लिहिलेलं असेल तर ते छापा.

मग वह्या कपाटात बंद करून ठेवायच्या का? मुळीच नाही. तुझ्या पत्रातला 'पिनकोडसकट पत्ता' हा शब्द वाचून मी जागची उठले. रांगेतल्या पेशंटचा पिनकोड कोण विचारून घेतं? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आजोबा तेव्हा नोकरीत असतील, तर ते सहा आकडे त्यांनी पहिल्या दिवसापासून हाताखालून घातलेत. पत्र कुठं अडतं आणि कशानं पोचतं हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं. म्हणून रिटायर झाल्यावरही ते पत्ता अर्धवट ठेवत नसत. त्या वह्यांमधून आजही पत्रं जाऊ शकतात. तू ती पाठव.

फोन करू नकोस. वीस वर्षांपूर्वीचे नंबर आता भलत्याच कुणाकडे असतील. शिवाय गावाकडचे तेव्हाचे अर्धे नंबर पी.पी. असायचे, म्हणजे शेजारच्यांचे किंवा किराणा दुकानातले. तू 'टाटाला आला होतात ना' म्हणायचीस आणि ऐकायचा शेजारी. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं, पण तेही नको, ते पोस्टमनपासून घरातल्या पोरापर्यंत सगळे वाचतात. पाच रुपयांचं बंद पाकीट वापर, आत पाच रुपयांचं तिकीट लावलेलं, आपला पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट घाल. बाहेर हॉस्पिटलचं, आजाराचं काहीही लिहू नकोस.

आतला मजकूर फार विचार करून लिही. ज्याच्या नावाने पत्र जाईल तो माणूस हयात नसण्याची शक्यता बरीच आहे. पत्र उघडणारी त्याची बायको असेल, मुलगा असेल. म्हणून 'तब्येत कशी आहे' हा प्रश्न विचारायचाच नाही. साधारण असं लिही: 'नमस्कार. पूर्वी कधीतरी परळला माझ्या आजोबांची आणि आपल्या घरच्यांची भेट झाली होती. त्यांनी आपला पत्ता जपून ठेवला होता. गेल्या वर्षी ते वारले. आपल्या घरी कुणाला त्यांची आठवण असेल आणि सांगावीशी वाटली, तर सोबतच्या पाकिटातून दोन ओळी पाठवा. नसेल तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही.' एवढंच. खाली तुझं नाव. कार्यक्रम, स्मरणिका, देणगी यातला एक शब्दही नको.

सगळ्यांना पाठवू नकोस. ज्यांचं नाव वहीत पुन्हा पुन्हा येतं, म्हणजे जे महिनोन्‌महिने उपचाराला येत राहिले, त्यांच्यापासून सुरुवात कर. नावापुढे आजोबांनी काही खूण केलेली असेल तर तिचा अर्थ आधी आजीला विचार. गेलेल्या पेशंटच्या नावापुढे ते काहीतरी खूण करत असतील आणि ती फक्त तिला ठाऊक असेल. बरीच पत्रं परत येतील, बऱ्याच घरांतून काही येणार नाही. पण घरातलं माणूस वाचलं नाही तरी मुंबईत कुणीतरी आपल्याबरोबर दिवसभर बसलं होतं, हे त्या घरातली माणसं विसरत नाहीत. ती लिहितील.

दुसरं काम परळमध्येच आहे आणि ते जास्त घाईचं आहे. केईएम १९२६पासून उभं आहे, टाटा १९४१पासून. त्या इमारती कुठे जात नाहीत. पण २००५ साली केस पेपरच्या खिडकीवर बसणारा क्लार्क, आजोबांना ओळखणारे वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी, गेटवरचे वॉचमन हे एकेक करून रिटायर होऊन गावाला निघून जाताहेत. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, चहाच्या टपरीवरचा माणूस, धर्मशाळेच्या ऑफिसातली माणसं यांना शोध. दुपारी ओपीडीची गर्दी ओसरल्यावर जा. 'माझे आजोबा कसे होते हो?' असं विचारलंस तर सगळे 'देवमाणूस' म्हणतील आणि तुझ्या हाती काहीच लागणार नाही. ते नेमके कुठे उभे राहायचे? अनोळखी माणसापाशी जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचे? पिशवीत काय काय असायचं? कुणावर चिडलेले कधी पाहिलेत का? असं विचार. त्यांचा फोटो बरोबर ने, आणि ती पिशवी अजून घरात असेल तर तीही ने. वस्तू हातात आली की माणसाला आपसूक आठवतं.

यातून जे जमेल त्याची खरी स्मरणिका होईल. मला विचारशील तर तिच्यात सत्काराची भाषणं आणि पाहुण्यांचे फोटो नकोत, आजोबांची कामाची पद्धत असावी. आत शिरण्यापूर्वी कोणते कागद, किती झेरॉक्स, मूळ रेशनकार्ड कुणाच्या हातात द्यायचं नाही, पहिल्या दिवशी पेशंटबरोबर कोण असावं, रात्रीची सोय आधी का बघायची. हे ज्ञान त्यांनी कमावलेलं होतं आणि ते सतत बदलत होतं. मोफत उपचारांची सरकारी राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२मध्ये आली, २०१७मध्ये तीच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. तेव्हा पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं आणि खर्चाची मर्यादा दीड लाखांची होती, पुढे, आजोबांचं जाणं थांबल्यावर, ती सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. सत्तरीचा एक माणूस दर थोड्या वर्षांनी नवे नियम शिकत होता, कारण समोरच्या माणसाला ते समजावून सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी येता-जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते, आणि त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. कितीतरी घरांना हे पहिल्या दोन-तीन खेपांचे पैसे गेल्यावर कळतं. आजोबा ते पहिल्याच दिवशी सांगत असणार. असं सगळं लिहून काढा, छापण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागातून तपासून घ्या, खाली तारीख घाला. मग ती पुस्तिका धर्मशाळेच्या टेबलावर ठेवता येईल आणि कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता बाबा. खरं तर तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच दिसत राहिले.

त्यांच्यापुढे आजोबांची वकिली करू नकोस. चिपळूणच्या त्या बाई एकट्या होत्या, बाबांना आत नेलं तेव्हा बाहेर मात्र अख्खं कुटुंब उभं होतं, हा हिशेब त्यांनाही कळतो. इतकी वर्षं कळतोय. तरी दुखायचं ते दुखतंच. छातीत दुखत असताना आपल्याला आत नेतात, तेव्हा पन्नाशीचा माणूससुद्धा बापाला शोधतो. आणि ज्याचा बाप सगळ्या परळला मिळत होता, त्याला तो त्या सकाळी मिळाला नाही. यात बाबा कोते नाहीत, हे आधी तू मनाशी मान्य कर. जगाने वडिलांना देवमाणूस म्हटलं की मुलाला तक्रार करायलाही जागा उरत नाही. तक्रार केली तर तोच स्वार्थी ठरतो. म्हणून तो गप्प बसतो, आणि मग एक दिवस 'लोकांनीच करावं त्यांचं' असं वाक्य बाहेर पडतं.

काकांच्या देखत हा विषय काढू नकोस. दोघंच असाल तेव्हा, चालायला गेलात तर अधिक बरं, त्या दिवसाबद्दल विचार. किती वाजता आत नेलं, बाहेर कोण कोण होतं, आजोबा आले तेव्हा काय बोलले. ते सांगत असताना 'पण' हा शब्द तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. आजोबांनी त्या बाईंबद्दल घरी आल्यावर काही सांगितलं असेल, नंतर कधी चुकल्यासारखं वाटलं असेल, ते बाबांनाच माहीत असेल. किंवा काहीच झालं नसेल आणि ते तसंच राहिलं असेल. जे असेल ते ऐक. त्यांची हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्ड कर, नसेल चालत तर घरी येऊन लिहून ठेव. माझं ठाम मत आहे की बाबांनी परवानगी दिली तर हा प्रसंग स्मरणिकेत यावा. काका नको म्हणतील, आजोबांना कमीपणा येतो म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी आजोबा दोन हॉस्पिटलांच्या मध्ये सापडले होते, एकीकडे पोटचा पोरगा आणि एकीकडे शब्द दिलेली परकी बाई. हे वाचून लोकांना त्या कामाचं वजन कळेल, आणि बाबांनाही त्या कार्यक्रमात पाऊल ठेवता येईल. त्यांनी नाही म्हटलं तर मात्र विषय तिथेच सोड, पुन्हा काढू नकोस.

आणि आजी. 'करा काय करायचं ते' याला कृपा करून होकार समजू नका.

तुझे आजोबा माणसांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही नेत असतील, परळहून ती जवळच. गाडगे महाराजांनी १९०५ साली घर सोडलं आणि १९५६ साली ते जाईपर्यंत लोकांसाठीच राबले, हे मराठी शाळेतलं पोरही सांगेल. त्यांच्या पत्नीचं नाव कुंताबाई, हे किती जणांना सांगता येईल? मागे राहिलेली पोरं कुणी वाढवली, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. आजोबांच्या बाबतीत तुमच्या घरात तसं होऊ देऊ नकोस. वीस वर्षं रोज चार पोळ्या जास्त, म्हणजे रोज थोडी जास्त कणीक, थोडं लवकर उठणं, पेन्शनच्या पैशांतून थोडं जास्त पीठ. तिला विचार, डब्यात भाजी कोणती द्यायची? रस्सा सांडेल म्हणून सुकीच ना? पोळ्या कुणाला मिळायच्या हे आजोबा घरी येऊन सांगायचे का? एखाद्या दिवशी 'आज जाऊ नका' असं ती म्हणाली होती का, आणि मग काय झालं? हे सगळं तिच्या शब्दांत, तिच्या नावाने छापा, आणि पहिल्या पानांत छापा. मग तिलाच विचारा की हॉल हवा की घरीच. तिचा शब्द शेवटचा.

वर्षश्राद्ध तिथीने येतं, त्या दिवशी विधी आणि घरची माणसं एवढंच ठेवा. लोकांना बोलवायचं ते पुढच्या एखाद्या रविवारी. प्रमुख पाहुणा नको. तो झेरॉक्सवाला, ते निवृत्त क्लार्क, धर्मशाळेतलं कुणी, चाळीतली जुनी माणसं बोलवा आणि त्यांना बोलू द्या.

चौकाच्या नावाचं म्हणशील, तर मला ते पटत नाही. लालबागपासून परळपर्यंत नाक्यानाक्यावर नावांच्या पाट्या आहेत. त्यातली किती माणसं कोण होती, तुला सांगता येईल? तू तिथेच वाढलीस. फ्लेक्स तर चार दिवसांत उतरतो. पण काकांवर रागवू नकोस. त्यांना वडिलांसाठी काहीतरी मोठं करायचंय आणि त्यांच्यात धावपळीची ताकद आहे, ती फुकट घालवू नकोस. पाकिटं, तिकिटं, पत्त्यांची यादी, परत आलेल्या पत्रांचा हिशेब हे सगळं त्यांच्याकडे दे. यादीत आजाराचा रकाना ठेवू नका, नाव आणि पत्ता पुरे. हॉल-फ्लेक्सचा पैसा त्यांनी धर्मशाळेतल्या एखाद्या दिवसाच्या जेवणाला किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागामार्फत गरजू पेशंटला द्यावा, रीतसर पावती घेऊन.

राहिला 'तू पुढे चालवणार ना' हा प्रश्न. नाही म्हण. आजोबांकडे पेन्शन होती, सकाळ मोकळी होती, घरात डबा भरून देणारी आजी होती. तू करी रोडहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली असा रोज जीव काढतेस. साठीनंतर त्यांनी जे केलं ते तू तिशीच्या आत करावंस, असं खुद्द त्यांनीही तुला म्हटल्याचं तुझ्या पत्रात कुठे नाही. आणि नुसतं भावनेच्या भरात गेटवर जाऊन उभी राहू नकोस. तिथे पैसे उकळणारे एजंटही फिरत असतात, पेशंटने तुझ्यावर का विश्वास ठेवावा? कधी जायचं मनात आलंच तर समाजसेवा विभागात जाऊन विचार, ते काम सांगतात. एखाद्या शनिवारी रक्तातल्या प्लेटलेट दान करता येतील. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे रक्तपेढीला दाते सतत लागतात. तास-दीड तास बसावं लागतं आणि हिमोग्लोबिन १२.५च्या खाली असेल तर घेत नाहीत, म्हणून आधी तपासून जा. तेही जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. यंदा वह्या नीट लावणं आणि पत्रं लिहिणं हेच तुझं काम आहे, आणि ते घरात दुसऱ्या कुणाच्याने होणार नाही.

तेव्हा या रविवारी गठ्ठा सोड, आजीला शेजारी बसव आणि पहिली दहा नावं काढ. उत्तरं वर्षश्राद्धापर्यंत येतीलच असं नाही, आडगावाहून पत्र यायला वेळ लागतो, लिहायला तर त्याहून जास्त. स्मरणिका दिवाळीपर्यंत थांबली तरी चालेल. आणि उत्तरासाठी घालशील त्या पाकिटावर तुझं किंवा काकांचं नाव नको, आजीचं घाल. तिला विचारून.

तुझी
ताई